घडीवरची रेघ

बांधावरच्या मारामारीतला माणूस माझ्या दवाखान्यात आणला की मी आधी त्याचे हात बघतो. डोक्यावर कोयता आला की माणूस हात वर धरतो, न शिकवता धरतो, आणि करंगळीच्या बाजूचं हाड वाराला आडवं येतं. नांगरट सुरू झाली की असे हात यायला लागतात. ट्रॅक्टरवाला वळताना फाळ वीतभर पलीकडे टाकतो, बांध कोरला जातो, शेजारी आईवरून शिवी देतो, आणि तासाभरात कुणाचा तरी कान टॉवेलात गुंडाळून माझ्या टेबलावर येतो. जखम बघून मी सांगू शकतो की मारणारा समोर होता की मागे, आणि चुलत होता की सख्खा. सख्खा जास्त खोल मारतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, तीस वर्षं टाके घालून कळलेलं आहे.

दवाखाना मलकापुरात, हायवेपासून जवळ. माणूस मी शांत नाही. ऑपरेशन चालू असताना मागितलेली वस्तू हातात आली नाही तर मी ट्रेवर मूठ आपटतो. एकदा चिमटा फेकला, तो आमच्या मामांच्या भुवईवर बसला आणि दोन टाके मलाच घालावे लागले. दवाखान्यात असं काम करणाऱ्या पुरुषांना आमच्याकडे मामाच म्हणतात. हे मामा माझ्या थिएटरात बावीस वर्षं. पेशंटला टेबलावर घेणं, पाय धरून ठेवणं, दिवा फिरवणं आणि माझा राग झेलणं ही त्यांची कामं. टाके झाल्यावर त्यांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "बरं बसल्यात. फेकण्यापरीस शिवणं चांगलं जमतंय तुमाला." मी माफी मागितली नाही. तेव्हा मला माफी मागता येत नव्हती.

नकाशांचा नाद मला याच मारामाऱ्यांतून लागला. एका म्हाताऱ्याने स्वतःचं तुटलेलं बोट शर्टाच्या खिशातून काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "त्ये ऱ्हाऊ द्या डॉक्टर. आमचा बांध कुठनं जातो त्ये कुनी सांगंल का?" बोट काही जोडता आलं नाही, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. मी जुने नकाशे शोधायला लागलो. रविवारी दवाखाना बंद करून कुठल्या तरी घराण्याचं दप्तर सोडवत बसायचं, मोडी वाचायचं, फोटो काढायचे, मग शिवारात जाऊन ओढे आणि दगड ताडून बघायचे. लेख लिहिले. लेखांचं पुस्तक झालं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या गावांच्या शिवा, त्यांचा इतिहास आणि मी स्वतः पुन्हा काढलेले नकाशे. बायको म्हणायची, "माणसं कापून पोट भरलं नाही म्हणून आता गावं कापताय." मी हसत असे. खरं सांगायचं तर मला फार मोठा झाल्यासारखं वाटत होतं.

त्या पुस्तकात मामांच्या गावाचा नकाशा होता. मामांचं गाव साताऱ्यात, ओढ्यापलीकडचं गाव सांगलीत. दोन्ही गावांची शीव जिथं भिडते तिथं एक काळा दगड होता, कमरेएवढा, आणि दगडाजवळ एक विहीर. विहीर मामांच्या गावच्या एका फौजीची. सुभेदार होऊन घरी आलेला, उसाची शेती करणारा. पलीकडच्या शेतकऱ्याचं रान शिवेपर्यंत येत होतं. म्हणजे शीव दगडाला वळसा घालून जात असेल तर विहीर फौजीची, आणि सरळ जात असेल तर विहिरीसकट तो सगळा कोपरा पलीकडच्याचा. एवढंच भांडण होतं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या होतं.

मला सापडलेला नकाशा जुना, जाड कागदाचा. मधल्या घडीवर तो फाटून दोन तुकडे झाले होते आणि कुणीतरी नंतर ते कापडावर चिकटवले होते. घडीवरची बोटभर पट्टी कसरीने खाल्लेली. डाव्या तुकड्यावरून येणारी शिवेची रेघ घडीपाशी संपत होती आणि उजव्या तुकड्यावर ती अंगठाभर खाली सुरू होत होती. मी ठरवलं, चिकटवणाऱ्याचा हात हलला. उजवा तुकडा घसरला. माझ्या नकाशात मी तो अंगठाभर वर सरकवला आणि रेघ जोडली. छान बसली, एकदम सरळ. जखमेच्या दोन कडा जुळाव्यात तशी.

छपाईला जाण्यापूर्वी ती पानं मी थिएटरशेजारच्या खोलीत तपासत होतो. मामा हातमोजे पावडर लावून घड्या घालत होते. आपल्या गावाचं नाव दिसलं म्हणून वाकून बघू लागले.

"डॉक्टर, हितं चुकलंय."

"काय चुकलंय?"

"रेघ हितनं सरळ न्हाई जात. दगडाला वळती. उजव्या हाताला वळून खाली येती, मग फुडं जाती. आमच्या पणजानं चालून दावलीया ती."

मग त्यांनी सांगितलं. जुन्या काळी दोन गावांचा शिवेवरून वाद झाला की मामांच्या घराण्यातल्या माणसाला शीव चालायला लावत. डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ ठेवायचं आणि खरी शीव असेल त्या वाटेनं चालायचं. खोटं चाललं तर घर बुडतं, अशी दोन्ही गावांची श्रद्धा. पणजोबा चालले. दगडापाशी वळले. पलीकडच्या गावाला ते वळण नको होतं. ढेकूळ डोक्यावर असेपर्यंत कुणी हात लावला नाही. ते त्यांनी खाली ठेवलं आणि लाठ्या पडल्या. गुडघ्याची वाटी फुटली. उरलेला जन्म ते पाय ओढत जगले.

"खरं चाललं म्हणून मार खाल्ला," मामा म्हणाले. "लबाड चालला असता तर जेवायला घातलं असतं."

मी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "मामा, तुम्ही मोज्यांच्या घड्या घाला. इतिहास कागदावर असतो." वर उदारपणा म्हणून पानाखाली बारीक टाइपात एक टीप टाकली: या ठिकाणी शीव वळते अशी स्थानिक दंतकथा आहे, तिला कागदाचा आधार नाही.

मामांनी ती टीप वाचली की नाही, मी कधी विचारलं नाही.

पुस्तक निघालं. पलीकडच्या गावातून मला सत्काराचं आमंत्रण आलं. बोलावणारा तोच शेतकरी, ज्याचं रान शिवेला लागून. त्याने मला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला, आणि माइकवर म्हणाला की डॉक्टरांनी आमच्या गावाला न्याय दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भाषणात ऐतिहासिक साधनांचं महत्त्व सांगितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर फेटा बांधून मिरवत होता. कसला न्याय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पुढच्या नांगरटीला, एका रविवारी सकाळी, दवाखाना बंद असला तरी मी वॉर्डातल्या एका पेशंटचं ड्रेसिंग करत होतो. दारात छोटा टेम्पो करकचून थांबला. उसाच्या पाचटावर एक माणूस आडवा होता. डोकं फौजीच्या मांडीवर. फौजीचा पांढरा शर्ट छातीपासून खाली लाल, आणि त्याने दोन्ही हातांनी त्या माणसाचा उजवा दंड आवळून धरला होता. मी सवयीने हाताकडे बघितलं. मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूने, अर्धा हात उघडा होता. हाड तुटून बाहेर आलेलं. फौजीची बोटं जरा सैल झाली की रक्त उडायचं. मग मी चेहरा बघितला. भुवईवर माझ्या दोन टाक्यांची खूण होती.

मी काय ओरडलो ते आठवत नाही. सिस्टर नंतर म्हणाली की मी शिव्या देत होतो, कुणाला ते कुणालाच कळलं नाही.

दंडाला पट्टा आवळला, सलाईन लावलं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन गेला, रक्ताची सोय सुरू झाली. फौजी भिंतीला टेकून सांगत होता. सकाळी पलीकडचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी बांधून शिवेचा दगड उपटला आणि विहिरीच्या कडेनं फाळ घातला. फौजी आडवा झाला तर त्याने हातातलं पुस्तक उघडून दाखवलं. "छापलंय म्हणला. डॉक्टरनं छापलंय. सरकारी नकाशा लाच खाऊन क्येलेला असतो, डॉक्टर कशाला खोटं लिवंल?" फौजीने मामांना बोलावून आणलं, कारण शीव कुणाला ठाऊक तर त्यांच्या घराला, हे दोन्ही गावांना माहीत. मामा सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दगड उपटलेल्या खड्ड्यात जाऊन उभे राहिले. म्हणाले, पुस्तक चुकलंय, मी डॉक्टरला तवाच सांगितलं हुतं. तेवढ्यावर त्या शेतकऱ्याने त्यांना जातीवरून शिवी दिली. मामा खड्ड्यातून हलले नाहीत. मग कोयता आला.

"डोस्क्यावरच घातला हुता," फौजी म्हणाला. "हात वर आला म्हून वाचलं."

पुस्तकातलं ते पान फौजीच्या खिशात होतं. भांडणात फाटून त्याच्या हातात आलेलं. त्याने ते माझ्यापुढे धरलं. रक्ताने कागद भिजला होता, तरी माझी सरळ रेघ स्वच्छ दिसत होती.

टेबलावर घेताना मामा शुद्धीत होते. मी म्हणालो, "मामा, रक्त थांबवतो आणि तुम्हाला सांगलीला पाठवतो. तिथं हाताचे खास सर्जन आहेत. माझ्यापेक्षा चांगलं करतील."

"न्हाई. तुमीच करा."

"मामा, ऐका..."

"तुमीच करा म्हणतोय न्हवं! चूक तुमची, टाकं बी तुमीच घाला." बावीस वर्षांत ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. मग भूल चढली.

रोहिणी तुटली होती, दोन बोटांना जाणीव देणारी नस तुटली होती, चार स्नायूबंध तुटले होते. साडेचार तास लागले. दिवा फिरवायला मामा नव्हते, आणि मी दर दहा मिनिटांनी "मामा, दिवा" म्हणत होतो. बाहेर दोन्ही गावांची माणसं येऊन भिडली होती. गेटवर दगडफेक झाली, वेटिंग हॉलची काच फुटली, एक वीट औषधांच्या कपाटावर आली. कुणी कुणाला तरी गजाने मारलं आणि तोही आतच आणला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मी नसेला टाके घालत होतो, केसाएवढ्या दोऱ्याने. त्या दिवशी मी एकही वस्तू फेकली नाही. फेकायची होती ती मी आधीच फेकून बसलो होतो.

हात वाचला. पण करंगळी आणि शेजारचं बोट वाकडीच राहिली. जाणीव परत आली नाही. बिडी पेटवताना बोट भाजलं तरी मामांना वास आल्यावर कळतं.

वॉर्डात ते माझ्याशी कामापुरतं बोलत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी त्यांच्या कॉटजवळ बसलो, तेव्हा छताकडे बघत म्हणाले, "तुमी त्याला दंतकथा लिवलं."

म्हणजे ती टीप त्यांनी वाचली होती.

त्याच संध्याकाळी मी मूळ नकाशाचा फोटो मोठा करून भिंगाखाली घेतला. घडीच्या दोन्ही बाजूंना मिळून एक शब्द लिहिलेला होता, ओढ्याचं नाव. चिकटवलेल्या जागी तो शब्द अक्षराला अक्षर जुळत होता. मी तुकडा वर सरकवला तेव्हा अक्षरं अर्धी अर्धी तुटली होती, आणि मी काय केलं होतं? नवीन नकाशात ते नाव स्वतःच्या हाताने सुबक लिहून टाकलं होतं. चिकटवणाऱ्याचा हात हललाच नव्हता. रेघच तिथं वळून घडीच्या कडेने अंगठाभर खाली उतरत होती, आणि ते वळण कसरीने खाल्लेल्या पट्टीत गेलं होतं. मधलं मांस गेलेलं असताना कातडी ओढून टाके घालू नयेत, हे मी शिकाऊ डॉक्टरांना शंभर वेळा ओरडून सांगितलं आहे. मी नेमकं तेच केलं होतं. मला स्वतःची किळस आली. बायको चहा घेऊन आली तर मी कप भिंतीवर मारला. तिने फडकं आणून माझ्या हातात दिलं.

वार करणारा तुरुंगात गेला. त्याचे भाऊ मात्र पुस्तक सोडायला तयार नव्हते. सरकारी मोजणीदार येऊन खुंट्या ठोकून गेले. दुसऱ्या दिवशी खुंट्या उपटलेल्या. फौजीच्या पुतण्यांनी विहिरीवर कुऱ्हाडी घेऊन पाळी लावली. पुन्हा मोजणी ठरली, पोलिसांच्या बंदोबस्तात, आणि मी जायचं ठरवलं. आणखी एक हात टेबलावर येणार हे मला दिसत होतं, आणि तो माझ्या रेघेमुळे येणार होता. मामांना घरून गाडीत घेतलं.

विहिरीपाशी दीडदोनशे माणूस. मी नकाशाची मोठी प्रत पसरली आणि सांगितलं, माझं पुस्तक चुकलं आहे. शीव इथं वळते. मामा बरोबर होते, मी चूक होतो. हे मी लिहून, सही करून देतो.

"आता बदलताय व्हय?" शेतकऱ्याचा थोरला भाऊ ओरडला. "आमचा फेटा घालून घेतला तवा गोड लागलं? तुमच्याच मान्साचा हात तुटला म्हून शीव हलली!" एक ढेकूळ येऊन माझ्या खांद्यावर फुटलं. दुसरं कानाजवळून गेलं. पोलीस मध्ये आले.

तेव्हा पलीकडच्या गावचा एक म्हातारा पुढं झाला. धोतर, हातात काठी. त्याने सगळ्यांना हाताने गप्प केलं. "कागदाचं काय खरं न्हाई. आज ह्यो, उद्या त्यो. जुनी रीत हाय. ह्याच्या घराण्यानं माती घ्यावी, चालावं. त्ये चालंल ती शीव. आमी मानू." भावांकडे वळून विचारलं, "मानणार न्हवं रं?" त्यांनी नाइलाजाने माना हलवल्या.

सगळे मामांकडे बघायला लागले. मामांनी वाकून, त्या वाकड्या बोटांच्या हाताने, खड्ड्याच्या कडेचं ढेकूळ उचललं. मला वाटलं ते डोक्यावर घेणार.

"ही माती आमच्या घरानं लय पिढ्या वाह्यली," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "तुमची शीव, तुमचं रान, अन्‌ मरायचं आमी. पणजाचा पाय ग्येला. धम्म घेतला तवा माझ्या आज्यानं ही खाली ठिवली. ती मी परत उचलून डोक्यावर घ्यायची न्हाई." ते माझ्याकडे आले. "ज्यानं रेघ चुकवली त्यानं घ्यावी."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. खोटं चाललं तर घर बुडतं यावर तर मुळीच नाही. तरी सांगतो, घरी बायको एकटी होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर तीच आली. मी मान वाकवली. मामांनी ढेकूळ माझ्या डोक्यावर ठेवलं. ओली, जड, काळी माती. पाणी कपाळावरून चष्म्यावर आलं. ती दोन बोटं माझ्या केसांना लागली. त्यांना ते कळलं नसणार.

"चला."

मी चालू लागलो. मागे मामा, त्यांच्या मागे दोन्ही गावं. नुसते पायांचे आवाज. खालच्या सऱ्या दिसत नव्हत्या, मान ताठ धरावी लागत होती. ओढ्यापासून वर, सरीला सरी लावून, खड्ड्यापर्यंत आलो. आणि तिथं माझे पाय सरळच पडू लागले. सहा महिने मी ती रेघ काढली होती, खोडली होती, पुन्हा काढली होती. पायांना तीच ठाऊक होती.

"उजवीकडं!" मामा मागून ओरडले. "आवं उजवीकडं म्हणतोय, ऐकू येत न्हाई व्हय?"

मी उजवीकडे वळलो.